डाव्या पेडलचे उलटे आटे

सायकलचं डावं पेडल खोलायचं असेल तर पान्हा कुठल्या बाजूला फिरवायचा, हे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला पक्कं ठाऊक असतं. घरी हौसेने पान्हा हातात घेणाऱ्यांना बहुधा नसतं. जगातला जवळजवळ प्रत्येक बोल्ट आणि बरणीचं प्रत्येक झाकण डावीकडे फिरवलं की सुटतं. डावं पेडल मात्र उजवीकडे फिरवावं लागतं, कारण त्याचे आटे उलटे पाडलेले असतात. पेडल मारताना पायाचा दाब पेडलच्या दांडीभोवती एकसारखा जागा बदलत राहतो आणि त्या फिरत्या दाबाने दांडी क्रँकमध्ये केसाकेसाने सरकत जाते. उजव्या बाजूला हे सरकणं आटे घट्ट करतं, डाव्या बाजूला तेच सरकणं ते सैल करतं. दोन्हीकडे सारखेच आटे असले, तर लांबच्या रपेटीत डावं पेडल पायाखालून निखळून पडणार हे ठरलेलं.

१९०० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन नावाच्या गावातल्या एका लहानशा सायकल दुकानाने आपल्या गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने कळवलं की आमच्या सायकलींची पेडलं यापुढे आपोआप सुटणार नाहीत. ही युक्ती जगात सगळ्यांत आधी त्यांनाच सुचली, असा दावा मी करणार नाही. पण दुकानाचं नाव होतं राइट सायकल कंपनी, आणि ते दोघा भावांचं होतं. थोरला विल्बर, धाकटा ऑर्व्हिल.

आपण ‘राइट बंधू’ असं एका दमात म्हणतो. शाळेच्या पुस्तकातल्या धड्याने ती सवय लावली. त्या धड्यात सायकलचं दुकान एका वाक्यात उरकलेलं असायचं, जणू काही विमान सापडेपर्यंत पोट भरण्यासाठी ते दोघे तिथे बसले होते. मला मात्र त्या दुकानाचंच कुतूहल अधिक आहे. आणि दुकानाचा विषय निघाला की थोरल्यापेक्षा धाकट्याकडे वळावं लागतं, कारण सायकलचं वेड मूळचं त्याचं.

ऑर्व्हिलचा जन्म १८७१ चा, डेटनचाच. वडील मिल्टन राइट हे प्रोटेस्टंट पंथातले बिशप, सदा प्रवासात. घरात हत्यारं चालवणारी व्यक्ती म्हणजे आई, सुसान. तिचे वडील घोडागाड्या बनवत. त्यांच्या कारखान्यात लहानपणी वावरल्यामुळे असेल, पण मुलांची खेळणी, बर्फावरून घसरायची गाडी, घरातली बारीकसारीक अवजारं ती स्वतः करी. काही मोडलं की मुलं वडिलांकडे जात नसत, आईकडे जात. १८८९ साली क्षयाने ती गेली, तेव्हा ऑर्व्हिल सतरा वर्षांचा होता.

त्याच सुमारास त्याने स्वतःचं छापखान्याचं यंत्र उभं केलं. कबरीवर बसवायचा एक टाकाऊ दगड, घोडागाडीच्या घडीच्या टपाचे भाग, सरपणाची लाकडं आणि भंगार, एवढ्या सामग्रीत. विल्बरने मदत केली. ते यंत्र पाहायला एकदा एक जाणता छपाईवाला आला. तो यंत्राखाली आडवा झाला, बराच वेळ खाली पडून राहिला आणि हे चालतं खरं पण का चालतं ते कळत नाही, अशा मुद्रेने उठून गेला. या यंत्रांवर ऑर्व्हिलने गल्लीपुरतं एक साप्ताहिक चालवलं. शाळा त्याने शेवटच्या वर्षी सोडूनच दिली होती. विल्बरलाही, घर हलवल्यामुळे, शाळा पुरी केल्याचा दाखला कधी मिळाला नाही.

१८९२ च्या वसंतात ऑर्व्हिलने १६० डॉलर मोजून नवी कोरी कोलंबिया सायकल घेतली. विल्बरने लिलावात ८० डॉलरना जुनी ईगल घेतली. दोघांचे स्वभाव या दोन रकमांतच दिसतात. ऑर्व्हिलला शर्यतींचा नाद लागला, त्याने पदकंही मिळवली. विल्बर गावाबाहेरच्या रस्त्यांवर शांतपणे फिरे. एकसारख्या दोन चाकांची, साखळीने मागचं चाक फिरवणारी सायकल तेव्हा नवीनच होती. इंग्लंडमध्ये ती १८८५ मध्ये निघाली आणि १८८८ मध्ये डनलॉपने तिला हवेचे टायर दिले. अमेरिकेत तिची साथच आली होती म्हणा ना. ज्याची सायकल बिघडे तो छापखान्यातल्या त्या हुशार पोराकडे येऊ लागला. त्याच वर्षाच्या अखेरीला दोघा भावांनी विक्री-दुरुस्तीचं दुकान टाकलं.

आपल्या वाचकांना इथे लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होईल. बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान याच सुमाराचं, किंबहुना चार वर्षं आधीचं. सायकल विकता विकता त्यांचा हात यंत्राकडे वळला आणि पुढे कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. सायकल हे त्या काळचं लोखंडी विद्यापीठच होतं. छर्रे, साखळी, दाते, ताणलेले आरे, पोकळ नळ्यांची हलकी पण भार पेलणारी फ्रेम. जे जे पुढे लागणार होतं ते सगळं त्या एका वाहनात होतं आणि सामान्य माणसाला ते उघडून पाहता येत होतं.

१८९६ मध्ये राइटांनी स्वतःच्या सायकली बनवायला घेतल्या. बाजारात तेव्हा मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त सायकलींचा पूर आला होता. गल्लीतल्या दुकानाने त्यांच्याशी भावात झुंजणं हा वेडेपणा, हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी गिऱ्हाइकाच्या मापाची, मागणीप्रमाणे एकेक सायकल करायची असं ठरवलं. उत्तम सायकलचं नाव ठेवलं व्हॅन क्लीव्ह, घराण्यातल्या एका पूर्वजाच्या आडनावावरून. हे कुटुंब डेटनच्या पहिल्या वस्तीकरांपैकी. जरा स्वस्त सायकलीला सेंट क्लेअर हे जुन्या गव्हर्नराचं नाव. व्हॅन क्लीव्हची किंमत सुरुवातीला साठ-पासष्ट डॉलर, सेंट क्लेअरची साडेबेचाळीस.

दुकानाच्या मागच्या खोलीत लेथ होतं, भोकं पाडायचं यंत्र होतं, नळ्या कापायची सोय होती, रंग भाजायची भट्टी होती. ही यंत्रं फिरवायला शक्ती हवी, तर दोघांनी एका सिलिंडरचं गॅसवर चालणारं इंजिनही स्वतःच बनवलं. छताखालून एक लांब दांडा फिरे आणि पट्ट्यांनी सगळ्या यंत्रांना चालवी. नळ्या, रिमा, टायर असा माल ते बाहेरून आणत. पण जिथे बाजारातला भाग मनासारखा नसे, तिथे तो भाग घरी घडायचा. चाकाच्या हबचं उदाहरण पाहा. सायकल अडते ती हबमध्ये. वंगण गळून जातं, धूळ आत शिरते, छर्रे कोरडे पडतात आणि कोन खाल्ले जातात. राइटांनी तेल धरून ठेवणारा, धूळ आत न घेणारा हब तयार केला. उलटं पेडल मारलं की चाक थांबवणारा ब्रेकही त्यांनी आपल्या पद्धतीने बसवला. फ्रेमचे सांधे पितळ वितळवून भरायचे, कानशीने साफ करायचे, मग रंगाचे हात एकावर एक द्यायचे आणि भट्टीत भाजायचे. हे करताना ऑर्व्हिल कडक कॉलर आणि टाय घालून असे. साऱ्या मिळून तीनेकशे सायकली त्यांनी केल्या असाव्यात. आज त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच शिल्लक आहेत.

त्या १८९६ च्या उन्हाळ्याअखेर ऑर्व्हिल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. कित्येक दिवस तो शुद्धीत नव्हता. उशाशी पाळीपाळीने बसत विल्बर आणि धाकटी बहीण कॅथरिन. त्याच ऑगस्टमध्ये जर्मनीत ओटो लिलिएंथाल आपल्या पंखांवरून कोसळून मेला होता. आजारी भावाच्या खोलीत विल्बरच्या डोक्यात जो किडा शिरला, तो ऑर्व्हिल उठून बसल्यावर त्याच्याही डोक्यात शिरला.

उडण्याचा प्रयत्न करणाऱ्या बहुतेक पंडितांना असं विमान हवं होतं, जे आपलं आपण स्थिर राहील. माणसाने फक्त दिशा दाखवायची. सायकलवाल्याला असली अपेक्षा सुचणारच नाही. सायकल स्वतः उभीच राहू शकत नाही. तिचा तोल क्षणोक्षणी चालवणाराच सांभाळतो आणि वळताना तिच्यासकट झुकतो. विमानही असंच अस्थिर असलं तरी चालेल, चालवणाऱ्याच्या हाती तोल सांभाळायचं साधन दिलं म्हणजे झालं, ही कल्पना मला राइटांच्या सगळ्या शोधांची आई वाटते. १८९९ मध्ये दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बरच्या हातात ट्यूबचं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं होतं. ते त्याने सहज पिळलं, एक टोक वर, एक खाली. पंख पिळून तोल साधायचा उपाय तिथे त्याला दिसला.

लिलिएंथालने हवेच्या दाबाची कोष्टकं करून ठेवली होती. त्यांच्या भरवशावर बांधलेले पंख १९०१ मध्ये समुद्रकाठच्या वाळूवर अपेक्षेइतके उचलेनात. तेव्हा पुन्हा सायकलच कामाला लागली. एका सेंट क्लेअरच्या हँडलपुढे त्यांनी तिसरं चाक आडवं बसवलं, मोकळं फिरणारं. त्यावर एका जागी सपाट पत्रा, दुसऱ्या जागी पंखासारखा वळवलेला पत्रा. मग गावच्या रस्त्यावर जीव तोडून सायकल मारायची, म्हणजे वारा तयार! कोष्टक खरं असेल तर वळवलेला पत्रा पाच अंशांच्या कलावर सपाट पत्र्याला तोलून धरायला हवा होता. प्रत्यक्षात अठरा अंशांच्या आसपास जावं लागलं. सुटाबुटातला एक गृहस्थ विचित्र चक्र लावलेली सायकल हाणत चालला आहे, हे पाहून डेटनकरांना काय वाटलं असेल!

पुढे त्यांनी दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली आणि त्याच गॅस इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने तीत वारा सोडला. आतला नाजूक तराजू करवतीच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचा. दोनेकशे छोटे पंख त्यांनी पत्र्यातून कापून त्यात तपासले. हिवाळ्याचे ते दोन महिने दुकानाचा धंदा मंद असे म्हणून जमलं.

मी बँकेत अधिकारी म्हणून तीन दशकांवर काढली, त्यांतली बरीच लघुउद्योगांची कर्जप्रकरणं तपासण्यात. म्हणून या कथेतला पैशाचा भाग मला सुटत नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सॅम्युअल लँग्ली याच काळात विमान बांधत होते. त्यांना युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते. ८ डिसेंबर १९०३ ला त्यांचं विमान दुसऱ्यांदा नदीत पडलं. राइटांना सगळ्या खटाटोपाला हजार डॉलरही लागले नाहीत आणि ते सायकलच्या दुकानातून आले. आमच्याकडे हे प्रकरण आलं असतं तर नामंजूरच झालं असतं. तारण काय, तर लेथ. बाजारपेठ काय, तर शून्य. अर्जदार दोघेही शाळेचा दाखला नसलेले. त्यांनी अर्जच केला नाही, हे जगाचं भाग्य. स्वतःच्या पैशाने काम करणारा माणूस प्रत्येक भाग दोनदा तपासतो, एवढं मात्र मी अनुभवाने सांगू शकतो.

इंजिनाचंही तसंच झालं. हलकं आणि पुरेशा ताकदीचं इंजिन कुणी कारखानदार देईना. दुकानात १९०१ पासून चार्ली टेलर नावाचा कारागीर होता, तासाला तीस सेंटवर ठेवलेला. विमानाचं इंजिन त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. भाऊ कागदाच्या चिटोऱ्यावर आकृती काढून देत, तो चिटोरा समोर खिळ्याला अडकवून टेलर भाग घडवी. क्रँकदांडा त्याने पोलादाच्या एका जाड पाटीतून काढला. शंभरेक पौंडांची पाटी. तिच्यावर आकार आखला, रेषेवर भोकांची रांग पाडली, नको तो भाग छिन्नी-हातोड्याने उडवला, मग लेथवर चढवला. शेवटी उरला तो एकोणीस पौंडांचा दांडा, आणि तो नेमका तोलात बसला. इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची ओतून घेतली होती. फेब्रुवारी १९०३ च्या चाचणीत ती फुटली. दुसरी ओतून यायला एप्रिल उजाडला. पंखे फिरवायला साखळ्या आणि दातेरी चक्रं, म्हणजे अव्वल सायकलची करामत. दोन पंखे उलटसुलट फिरायला हवेत म्हणून एका साखळीला मध्ये फुली मारून नळ्यांतून ओवली!

किटी हॉकच्या वाळूत मात्र या करामतीने दगा दिला. नोव्हेंबरात इंजिन सुरू केलं की धक्क्यांनी दातेरी चक्रं दांड्यांवर सैल होत. पुन्हा आवळावीत, पुन्हा सैल. शेवटी त्यांना आठवलं ते दुकानातलं टायर रिमला चिकटवायचं कडक सिमेंट. दांडा आणि चक्र तापवून त्यांनी ते वितळतं सिमेंट आट्यांत ओतलं. चक्रं बसली ती बसलीच. मग पोकळ दांड्यालाच चीर पडली. ऑर्व्हिल एकटा आगगाडीने डेटनला परतला, भरीव पोलादाचे नवे दांडे करून ११ डिसेंबरला पुन्हा वाळूत हजर झाला. हिवाळा डोक्यावर. थोडा उशीर झाला असता तर ते वर्ष हातचं गेलं असतं.

१४ तारखेला नाणेफेक विल्बरने जिंकली आणि विमान उठताच खाली बसलं. १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिलची. लाकडी रुळावरून जी घसरगाडी विमानाला नेणार, तिची चाकं म्हणजे सायकलचे हब. बारा सेकंद, १२० फूट. दुपारपर्यंत चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद, ८५२ फूट उडाला. त्यानंतर उभ्या विमानाला वाऱ्याने उलथवून मोडलं आणि ते पुन्हा कधी उडालं नाही.

पुढची वर्षं प्रसिद्धीची. १९०५ मध्ये डेटनजवळच्या कुरणावर त्यांनी एका दमात चोवीस मैल काढले. १९०८ मध्ये विल्बरने फ्रान्स गाजवलं. ऑर्व्हिल वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायरला सैन्याला विमान दाखवत होता. १७ सप्टेंबरला पंख्याचं पातं तडकलं, त्याने एक ताणतार तोडली आणि विमान नाकावर आदळलं. बरोबर बसलेला लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मरण पावला. विमानअपघाताचा तो पहिला बळी. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने टेलरकडून मोडके तुकडे मागवून घेतले आणि काय आधी तुटलं याचा छडा लावला. कॅथरिन शाळेत लॅटिन शिकवत असे. रजा टाकून ती आली आणि तो उभा राहीपर्यंत त्याच्यापाशीच राहिली. शिक्षिकेची ती नोकरी तिने पुन्हा धरली नाही.

१९१२ च्या मे महिन्यात विल्बर विषमज्वराने गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. ज्या रोगातून त्याने धाकट्याला वाचवलं तोच रोग. ऑर्व्हिलने तीन वर्षांत कंपनी विकून टाकली. डेटनबाहेरच्या टेकडीवर हॉथॉर्न हिल नावाचं मोठं घर उभं राहिलं, तिथे वडील, कॅथरिन आणि तो राहू लागले. त्या घरातही बाजारचं काही त्याला चालेना. पावसाचं पाणी गाळायची योजना त्याची, अंगाभोवती चहूबाजूंनी पाणी उडवणारी न्हाणीघरातली नळ्यांची कडी त्याची, भिंतीत बसवलेली धूळ ओढायची सोय. बिघाड झाला तर दुरुस्त करणाराही तोच. सभेत दोन शब्द बोलायला तो कधी उठला नाही. पुतण्यांसाठी खेळणी मात्र करायचा.

आणि याच माणसाने १९२६ मध्ये बहिणीशी बोलणं टाकलं. बावन्नाव्या वर्षी कॅथरिनने आपल्या कॉलेजातल्या जुन्या मित्राशी, हेन्री हॅस्केलशी लग्न करायचं ठरवलं, एवढंच कारण. ऑर्व्हिल लग्नाला गेला नाही. पत्रांना उत्तर दिलं नाही. काही चरित्रकार याला विल्बर गेल्यानंतरचं एकटेपण म्हणतात, आणि ते असेलही. मला हा हेकटपणा वाटतो आणि त्याची बाजू घ्यावीशी वाटत नाही. आपल्याकडेही अविवाहित भावाच्या संसाराला जुंपलेल्या बहिणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत; त्यांच्या निघून जाण्याला घर गुन्हा समजतं. १९२९ मध्ये कॅथरिनला न्यूमोनिया झाला. थोरल्या लोरिनने समजावल्यावर ऑर्व्हिल कॅन्सास सिटीला गेला, आणि ती गेली तेव्हा तो तिच्या उशाशी होता. इतकंच.

तोच हेका दुसऱ्या एका जागी मात्र न्याय्य ठरला. स्मिथसोनियनने १९१४ मध्ये लँग्लींचं जुनं विमान बदल करून उडवून घेतलं आणि माणसाला घेऊन उडू शकणारं पहिलं विमान ते, अशी पाटी लावली. १९०३ चं खरं विमान तेव्हा डेटनला पेट्यांत पडून होतं. १९१३ च्या महापुरात ते अकरा दिवस पाण्याचिखलाखाली राहिलं होतं. ऑर्व्हिलने ते पुन्हा जुळवलं आणि १९२८ मध्ये सरळ लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला पाठवून दिलं. अमेरिकेत आरडाओरडा झाला. त्याने दाद दिली नाही. १९४२ मध्ये संस्थेने चूक छापून कबूल केली, पण तोवर युद्ध पेटलं होतं आणि विमान इंग्लंडात जमिनीखालच्या कोठारात हलवलेलं होतं.

सायकलचं दुकान हेन्री फोर्डने १९३७ मध्ये उचलून मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालय-गावात नेलं. कुठलं यंत्र कुठे होतं ते सांगायला टेलर आणि ऑर्व्हिल दोघेही होते.

१९४८ च्या जानेवारीत हॉथॉर्न हिलच्या दारावरची घंटा बिघडली. शहात्तर वर्षांचा ऑर्व्हिल ती दुरुस्त करायला जिना चढत-उतरत राहिला. आदल्या वर्षी हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता, तरी कारागीर बोलवायचं त्याला सुचलं नाही. त्याच दिवशी, २७ तारखेला, गावातल्या आपल्या प्रयोगशाळेत त्याला दुसरा झटका आला. ३० जानेवारीच्या रात्री तो गेला. त्या रात्री दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींचा देह होता, आणि दुसऱ्या दिवशीच्या आपल्या वर्तमानपत्रांत डेटनच्या बातमीला जागा मिळणं शक्यच नव्हतं. विमान परत आणावं, असं त्याने लिहून ठेवल्याचं त्याच्या कागदपत्रांत निघालं. ते जहाजाने अमेरिकेत आलं आणि १७ डिसेंबर १९४८ रोजी स्मिथसोनियनच्या छताला टांगलं गेलं.